शारजातली गाडी मी धुतली

ऑगस्टमध्ये दुबईला जाऊ नका. तिकीट स्वस्त मिळतं, पण का मिळतं ते विमानतळाबाहेर पाऊल टाकलं की कळतं. मी गेलो, कारण वहिनीचा फोन आला, "भाऊजी, तेवढी गाडी तुम्ही बघा, बाकीचं मी आवरते." दादाला अर्धांगाचा झटका आला, नोकरी सुटली, आणि दुबईतला एकोणतीस वर्षांचा संसार खोक्यांत भरून कायमचं पुण्याला यायचं होतं.

गाडी म्हणजे चार दारांची जुनी ब्रिटिश मोटार, आम्हा दोघा भावांपेक्षा वयाने मोठी. दादाचा इंग्रज साहेब मायदेशी गेला तेव्हा त्याने ती दादाला दिली. रिटायर झाल्यावर स्वतःच्या हाताने नीट करीन, म्हणून दादाने ती शारजाच्या गोदामात ठेवली. सतरा वर्षं ती तिथेच. आता ती विकून शनिवारी गोदाम रिकामं करायचं होतं आणि माझं परतीचं तिकीट रविवारचं.

शुक्रवारी सकाळी दादाने चांगल्या हाताने माझं मनगट धरलं. जीभ जड झालीय, शब्द एकेक येतात. "अख्खी... जाऊ दे. तोडायला... नको." आणि किल्ली दिली. पुतणी म्हणाली, "काका, इट्स जस्ट अ कार." मी तिच्यावर खेकसलोच.

मेट्रोने बर दुबई, तिथून अल घुबैबा स्टँडवर शारजाची बस. बारा दिरहम, म्हणजे आपले पावणेतीनशे-तीनशे. बसमधला एसी इतका की सोबत शाल ठेवा. स्टँडवर दोन दिरहमचा करक चहा मात्र घ्याच. पुढे गोदामापर्यंत टॅक्सी करा. पैसे वाचवायला मी अर्धा किलोमीटर चाललो आणि चक्कर येऊन एका भिंतीला टेकून बसलो.

गोदाम हनीफभाईंच्या ताब्यात. मूळचे दापोलीचे, मराठी ऐकून खूश झाले. "या या, पुणेकर! गिऱ्हाईक पक्कं आहे. म्हातारा अरबी, अशा बऱ्याच गाड्या आहेत त्याच्याकडे. फोटो बघूनच हो म्हणालाय. जाहिरातीत लिहिलंय, जशी आहे तशी. मी नमाज पढून त्याला घेऊनच येतो. तुम्ही एसीत बसा."

बसलो असतो तर! पण गाडी बघितली आणि जीव कसानुसा झाला. धुळीचा थर, सीटवर पिवळी वर्तमानपत्रं, काचेवर कसले कसले जुने कागद चिकटलेले. आमच्या आईने शेजारणीचा डबा कधी न घासता परत केला नाही. 'जशी आहे तशी' हे मी आपल्याकडच्या फ्लॅटच्या जाहिरातीसारखं घेतलं, नंतर तक्रार नको म्हणून लिहितात तसं. दादाची वस्तू परक्याच्या हातात अशी द्यायची? कोपऱ्यात नळ होता, बादली होती, साबणाची पावडर आणि घासणीही होती. बसलो घासत. काचेवरचे कागद ब्लेडने खरवडले, आतली कागदपत्रं कचऱ्यात टाकली. फडक्याला हिरवट रंग येत होता, मला वाटलं मळच. शेवटी वहिनीने दिलेल्या पुडीतलं कुंकू घेऊन बॉनेटवर स्वस्तिक काढलं.

दीड वाजता म्हातारा आला. गाडीभोवती एक फेरी मारली, दारावर तळवा ठेवला. "ये किसने किया?"

"मैंने," मी म्हणालो. आणि वर अक्कल पाजळली, "अच्छा लग रहा है ना?"

तो रागावला नाही, तेच फार लागलं. "नया रंग तो कोई भी लगा देता है, भाई. मुझे पुराना चाहिए था. खलास." आणि गेला.

हनीफभाईंनी कपाळावर हात मारला. "अहो काका, त्याला ती धूळसुद्धा हवी होती. कारखान्यातून आलेला रंग, कुणी हात न लावलेला, तो तुम्ही घासून काढलात. आणि ते कागद म्हणजे गाडीची जन्मपत्रिका!" रात्रीपर्यंत आम्ही फोन करत होतो. कुणी इन्शाल्ला म्हणालं, बाकीच्यांनी उचललाच नाही.

शनिवारी दुपारी सुट्या भागांचा व्यापारी आला. चार हजार दिरहम, म्हणजे लाखाला थोडे कमी. "पूरी रखोगे ना?" मी विचारलं. तो हसला. त्याच्या माणसांनी तिथेच दारं काढायला घेतली. मी किल्ली पुढे केली. "चाबी का क्या करूँ, साब? आप रखो."

परतीच्या बसमध्ये मी रडलो. शेजारच्या मल्याळी माणसाने पाण्याची बाटली पुढे केली. दादा दाराशीच खुर्ची टाकून बसला होता.

"अख्खी?"

"अख्खी," मी म्हणालो.

पुण्याला येऊन आता चार महिने झाले. तिकडे कुणाची जुनी गाडी विकायची असेल तर कृपा करून तिला पाणी लावू नका. दादा आमच्याच सोसायटीत राहतो, बोलणं बरंच सुधारलंय. रोज एकदा तरी म्हणतो, "त्या म्हाताऱ्याला सांग रे, किल्ली अर्धी फिरवायची आणि दार जरा वर उचलायचं, मग उघडतं." मी म्हणतो, सांगितलंय. किल्ली माझ्या कपाटात, स्वेटरच्या घडीखाली आहे.

परवा चहा पिताना त्याने एकदम विचारलं, "धुऊन दिलीस ना रे? आई असती तर आधी तेच विचारलं असतं."

"हो दादा, स्वच्छ धुतली," मी म्हणालो. त्या गाडीबद्दल एवढं एकच मी त्याला खरं सांगितलंय.