भोंग्याचं बोलावणं राहिलं

दवाखान्यातल्या सर्व्हरला सुट्टी नसते. अमरावतीच्या आमच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागातल्या सगळ्या खाटांची नाडी अन् श्वास त्या एकाच डब्यातून जायचे. कोणाचं काही बिघडलं की तोच डबा सिस्टरच्या टेबलावरचा भोंगा वाजवायचा. त्या डब्याच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एक भोक सापडलं होतं. चोर शिरायच्या आत ते बुजवायचं, पण डबा क्षणभरही बंद करायचा नाही. वरून माझा मामाच तिथं खिडकीपाशी पडलेला, त्याच्या हृदयाचे ठोके मधूनच चुकत होते. मी भ्याले होते, खोटं कशाला बोलू?

चालू गाभा बदलायचा म्हणजे चुलीवरचं दूध उतू न जाऊ देता बिऱ्हाड हलवायचं. त्यासाठी आतल्या प्रत्येक भागाची आधी नोंदणी करावी लागते, की हा चालू आहे, याचं सामान नव्या घरी न्या. नोंद नसेल तो मागेच राहतो, अन् ओरडतही नाही.

फोनवर अकोल्याहून भाई होते. ही सगळी यंत्रणा आम्ही दोघांनी मिळून बसवलेली. वयानं मोठे, हे काम मी त्यांच्याच हाताखाली शिकले.

"नेटवर्क?"

"नोंदवलं."

"डिस्क?"

"नोंदवली, भाई."

"मंग भिऊन काहून राहिली? कर बिस्मिल्ला."

प्रत्येक खाटेपाशी एकेक सिस्टर उभी केली अन् बटण दाबलं. पडद्यावरच्या सगळ्या रेषा थिजल्या. मी देवाचं नाव घेतलं. रेषा पुन्हा धावू लागल्या तशी मी ओरडले, "झालं!" सिस्टर आपापल्या कामाला पांगल्या. मी चहा सांगितला.

चहा यायच्या आधीच पडद्यावर मामाची रेषा सपाट झाली. भोंगा गप्प. कोणी मान वर केली नाही. पाय कसे उचलले मला आठवत नाही, मी ओरडतच पळत सुटले.

मामा उशीला टेकून संत्रं सोलत बसला होता! नाडी मोजायचा बोटाचा चिमटा चादरीवर पडलेला.

"बोंबलते काहून वं?"

"चिमटा काहून काढला, मामा?"

"रोजच काढतो. रोज तुमचं भोंगं कोकलते, सिस्टर येते, मले झापते. आज कोणीच नाही आलं."

मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं. खरंच त्याचं काही झालं असतं, तरी कोणीच आलं नसतं.

सिस्टरना पुन्हा खाटांपाशी उभं केलं अन् भाईंना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "या अल्ला. भोंग्याचा प्रोग्राम त आपण दोघांनीच लिहिला ना?"

"हो."

"घरचा म्हणून त्याले कोणी इचारलंच नाही."

माझ्या लग्नात अस्संच झालं होतं. साऱ्या गावाला पत्रिका गेल्या. याच बडनेऱ्याच्या मामाची राहिली, कारण घरच्याच माणसाले काय पत्रिका द्यायची! मामा नवे कपडे घालून घरीच बसून राहिला. मुहूर्त टळायची वेळ आली तेव्हा बाबा हळद-कुंकू लावलेली पत्रिका घेऊन धावले. मुलीला मांडवात कोण आणणार, मामाच ना?

भाईंनी सांगितलं तसा भोंगा नव्यानं चढवला, त्याची नोंद केली. आता ती नोंद टिकते का हे बघायला पुन्हा तीच गाभा बदलायची उडी मारायची होती. "भाई, माझी हिंमत नाही होऊन राहिली," मी म्हटलं. "माही बी नाही," ते म्हणाले, "पण कर."

केलं. रेषा थिजल्या, धावल्या. मी मामापाशी गेले.

"मामा, चिमटा काढा."

"आता काढू? मंगाशी त भांडत होती!"

"भोंग्याले बोलवायचं राहिलं होतं, मामा. तुमच्यावानीच."

मामानं माझ्याकडं बघितलं अन् चिमटा काढला. काहीच नाही. मी टेबलाकडं बघितलं. अन् भोंगा असा कोकलला की पलीकडच्या खाटेवरची आजी दचकून जागी झाली. सिस्टर धावत आली अन् सवयीनं मामालाच झापू लागली. फोनमधून भाईंचं "अल्हम्दुलिल्लाह" ऐकू आलं. मी सगळ्यांच्या देखत रडले.

मामानं चिमटा परत बोटाला लावला अन् संत्र्याची फोड माझ्या हातावर ठेवली.

"रडते काहून? तुह्या लग्नात बी उशिरा बोलावलं होतं. आलो ना मी?"