डाव्या हाताची भाकरी

आळेफाट्याच्या एका हॉटेलात मी दुपारचं जेवतो. तिथल्या बाई डाव्या हातानं भाकरी उलटतात. उजव्या मनगटाला लाल चिंधी बांधलेली असते.

एकदा गर्दीत जुन्या सवयीनं त्यांचा उजवा हात तव्यावर टेकला आणि तिथंच राहिला. मी ओरडलो. त्यांनी तो शांतपणे पाण्यात बुडवला.

“मानंतली शीर दबलीय, भाऊ. ह्या हाताला शिवलेलं कळतं, चटका कळत न्हाई. ह्यो वापरायचा न्हाई, ह्ये ध्यानात ऱ्हावं म्हनून तर चिंधी बांधली.”

“मग चूल सोडा की!”

“डॉक्टरबी तेच म्हनले. मी हात बदलला.”

मला रागच आला. असला कसला हट्ट?

पुढची भाकरी उलटताना डावं बोट तव्याला लागलं आणि झटकन मागं आलं. बाई बोटावर फुंकर मारत हसल्या.

“ह्यो हात लई भाजतो, पर सांगतो तरी.”