एकाच गच्चीची शर्यत

लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी मला गच्चीवर बोलावलं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे नव्या सुनेला घर दाखवायचं काम मामंजींकडे आलं होतं. घर म्हणजे दीड खोली. ती पहिल्याच दिवशी दाखवून झाली होती. राहिली होती ती गच्चीवरची ढाबळ. जुन्या पेट्यांच्या फळ्या आणि जाळी ठोकून केलेली, माणसाला वाकून आत शिरता येईल एवढी. आत सव्वीस कबुतरं.

"ही शोभेची न्हय," मामंजी म्हणाले. "ही शर्यतीची."

मी गिरगावात वाढलेली, छापखान्यातल्या कंपोझिटरची मुलगी. मला ठाऊक असलेली कबुतरं म्हणजे रस्त्यावर दाणे टिपणारी. मामंजींनी मला समजावून सांगितलं, की यांना टोपलीत बंद करून रेल्वेने इगतपुरीला नाहीतर मनमाडला पाठवायचं. तिथे ओळखीचा एक गार्ड ठरल्या वेळी टोपली उघडतो. पाखरू एकदोन घिरट्या घालतं, दिशा पकडतं आणि थेट याच गच्चीवर, याच ढाबळीत येतं. त्याला हे कसं कळतं, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, की ते अजून कुणालाच कळलेलं नाही.

मामंजी गिरणीत साचेखात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, होते. यंत्रांच्या खडखडाटाने कानांवर परिणाम झालेला, त्यामुळे माणसांशी ओरडून बोलायचे. ढाबळीत शिरले की मात्र आवाज इतका खाली यायचा, की बाहेर उभं राहून काही ऐकू येत नसे. त्यांचं अक्षर वेडंवाकडं होतं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, म्हणून पाखरू परत आल्याची वेळ वहीत लिहायचं काम त्यांनी मला दिलं. सासरी मला मिळालेलं ते पहिलं मानाचं काम.

शर्यतीत मोजून चार ढाबळी होत्या. एक आमची. एक खोताच्या वाडीतल्या निवृत्त ख्रिस्ती मास्तरांची, एक घोडपदेवच्या दोघा भावांची, आणि चौथी भाईंची. भाई गुजराती, भावनगरकडचे. माझ्या माहेरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच इमारतीच्या गच्चीवर ढाबळ. शर्यतीच्या आदल्या दिवशी ते उरलेल्या तिन्ही घरी फिरत, प्रत्येकाचं घड्याळ आपल्या खिशातल्या घड्याळाशी जुळवत आणि किल्लीवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही करत, म्हणजे नंतर कुणी काटे हलवायला नको. ते मामंजींना 'जॉबरसाहेब' म्हणत. आमच्याकडे आले की गच्चीवरच बसायचे. मी चहा घेऊन वर जायची, आणि दोघांचा वाद ठरलेला असायचा. भाईंचं म्हणणं, की दहा वर्षांत मुंबईत शंभर ढाबळी होतील, आपण दिल्लीहून पाखरं सोडू, बाहेरगावचे लोक बघायला येतील. मामंजी म्हणत, शंभर ढाबळींना गच्च्या कोण देणार? चाळीत माणसांना झोपायला जागा नाही, आणि तरण्या पोरांना सिनेमाशिवाय काही सुचत नाही. भाई हसून म्हणत, "तुमची सूनबाई वेळ लिहिते ना? मग ती पण शिकेल."

मी खरंच शिकले. कुणाच्या पिसांना तेल जास्त, कोण उन्हात तोंड उघडतं, कोण पिल्लांच्या ओढीने लवकर परत येतं, हे मला कळायला लागलं. शर्यतीच्या दिवशी आभाळाकडे बघून मान दुखायची. मग कुठेतरी एक ठिपका दिसायचा, तो मोठा व्हायचा, पंख मिटून खाली यायचा, आणि मामंजी श्वास रोखून थांबायचे. पाखरू दारातून आत शिरलं की मी वेळ लिहायची.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. माझे यजमान गोदीत कारकून होते आणि कामावरून सुटले की सभेला जायचे. मुंबई आपली आहे, असं मलाही मनापासून वाटत होतं. मीही मोर्चाला गेले होते. गोळीबारात माणसं पडायला लागली तेव्हा आमच्या घरात बापलेकांचं बोलणं तुटक झालं. लोक गोळ्या खातायत आणि बाबा आभाळाकडे बघत बसतात, असं यजमान मला म्हणाले. मामंजींना ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

एका शुक्रवारी टोपल्या इगतपुरीला रवाना झाल्या. शनिवारी शहरात दंगल उसळली आणि रविवारी कर्फ्यू लागला. गार्डला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने ठरल्या वेळी टोपल्या उघडल्या असणार. खाली रस्त्यावर पोलीस उभे होते. गच्चीवर कुणी दिसलं की ते ओरडत. मामंजी आणि मी कठड्याच्या आड बसून राहिलो. रस्त्यावर एकही माणूस नाही, आणि वरून आमची पाखरं एकेक करून घरी येत होती. मी वेळा लिहिल्या. मामंजींना काळजी एकच, भाईंना कळवायचं कसं?

दोन दिवसांनी कर्फ्यू सैल झाला, तेव्हा ते वही घेऊन गिरगावला निघाले. माहेरची खुशाली बघायला मीही बरोबर गेले. भाईंच्या दुकानाचं दार उखडलेलं होतं. काचा, डायली, स्प्रिंगा, बारीक चाकं फुटपाथवर पसरली होती, आणि भाई पायरीवर बसून चिमट्याने एकेक चाक उचलून डब्यात टाकत होते. मामंजी त्यांच्यासमोर उभे राहिले. भाईंनीच विचारलं, "आपली किती आली?"

"सात."

"माझी सहा," भाई म्हणाले आणि पुन्हा खाली बघून चाकं वेचायला लागले. मामंजी खाली बसले. दोघं बराच वेळ वेचत होते. मी माहेरी जाऊन परत आले तरी ते तिथेच होते.

त्या संध्याकाळी मामंजींनी मुलाला समोर बसवलं. दुकान फोडणाऱ्यांत आपण नव्हतो, असं यजमानांनी शपथेवर सांगितलं. ते खरंही होतं. पण फोडणारे कोण होते, हे त्यांना माहीत होतं. ते तेव्हा त्याच गल्लीच्या तोंडाशी उभे होते.

"तू नव्हतंस, माका म्हायत आसा," मामंजी म्हणाले. "पण आडवलंस काय?"

त्यानंतर कितीतरी महिने दोघं एका ताटलीतून भाकरी उचलत, पण एकमेकांशी बोलत नसत.

भाईंनी दुकान पुन्हा उघडलं खरं, पण गिऱ्हाईक येईना. मराठी गिऱ्हाईक लाजेने येत नव्हतं की रागाने, हे भाईंनाही सांगता आलं नसतं. चार महिन्यांनी ते भावनगरला निघाले. जायच्या आधी नवराबायको आमच्याकडे आले, बरोबर दोन टोपल्या. आत त्यांची अकरा कबुतरं. भाईंची बायको माझ्यापाशी खाली खोलीत बसली. ती गिरगावातच जन्मलेली. तिकडे मी कुणाला ओळखत नाही, एवढंच ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसत राहिली. वर भाई मामंजींना सांगत होते, "यांना कधी मोकळं सोडू नका, जॉबरसाहेब. सोडलं की ही माझ्याच गच्चीवर जातील. कोंडूनच ठेवा. यांची पिल्लं होतील ती तुमची."

भाई गेल्यावर शर्यत एकदाच झाली. घड्याळं जुळवायला कुणी नव्हतं. ज्याचं त्याचं घड्याळ ज्याने त्याने लावलं, आणि निकालाच्या वेळी घोडपदेवचे भाऊ आणि मास्तर यांच्यात तीन मिनिटांवरून भांडण झालं. शर्यती तिथेच थांबल्या.

भाईंची पाखरं आम्ही वेगळ्या कप्प्यात ठेवली होती. पावसाळा सरत आला होता. मला तोवर मुलगी झाली होती; तिला कडेवर घेऊन मी पाणी घालायला गेले आणि कप्प्याची कडी लावायची विसरले. परत येऊन बघते तर कप्पा रिकामा. मामंजी गिरणीतल्या पाळीवरून आल्यावर मी त्यांना सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी ओतलेला चहा तसाच ठेवला, टोपली आणि ज्वारीचा डबा घेतला आणि म्हणाले, चल. मुलीला शेजारी ठेवून मी त्यांच्याबरोबर ट्राममध्ये बसले.

भाईंच्या जागेत नवं बिऱ्हाड आलं होतं. त्या बाईंनी आम्हाला वर जाऊ दिलं. गच्चीवर ढाबळ उरली नव्हती. फळ्या कधीच सरपणात गेल्या होत्या आणि तिथे आता कपडे वाळत होते. ढाबळ जिथे होती त्याच जागेवर, उघड्या फरशीवर, अकराही पाखरं दाटीवाटीने बसली होती.

"तेंका घर बदलूचा कळना नाय," मामंजी म्हणाले, आणि कठड्याला टेकून रडायला लागले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं. काय करावं ते न सुचून मी ज्वारीचा डबा हलवत राहिले. दिवेलागणीला, पाखरांना दिसेनासं झाल्यावर, आम्ही त्यांना एकेक करून उचललं.

त्यांची पिल्लं झाली. भाईंनी सांगितल्याप्रमाणे ती खरंच आमच्या गच्चीची झाली. सोडली की घिरट्या घालून आमच्याकडेच उतरायची. भाईंचं वर्षातून दोनदा पोस्टकार्ड यायचं, मोठ्या देवनागरी अक्षरात. शर्यती चालू आहेत ना, हा प्रश्न प्रत्येक पत्रात. मामंजी मला उत्तर सांगायचे, की चालू आहेत, मनमाडहूनही सोडतो, दोन नव्या ढाबळी झाल्या. मी ते तसंच लिहायची. हे खोटं कशाला, असं मी एकदाच विचारलं. म्हणाले, तिकडे बसून त्यांना तेवढंच आहे.

मग महाराष्ट्र झाला. आमच्या चाळीत पेढे वाटले, रोषणाई झाली, यजमान आनंदाने रडले. मीही रडले. भाईंचं गाव त्या दिवसापासून दुसऱ्या राज्यात गेलं. मामंजींनी पेढा खाल्ला, मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि गच्चीवर निघून गेले.

त्याच हिवाळ्यात भाईंचं कार्ड आलं, की संक्रांतीनंतर मुंबईला येतोय, आपल्या पाखरांची नातवंडं उडताना बघायची आहेत. मामंजी हरखले आणि घाबरलेही. ते जुन्या मंडळींकडे गेले. मास्तरांना दिसत नव्हतं. त्यांनी कबुतरं कधीच देऊन टाकली होती. घोडपदेवला धाकटा भाऊ भेटला. त्यांच्या गच्चीवर आता पाण्याची टाकी होती. चाळीतल्या पोरांना मामंजींनी विचारलं, कुणी ढाबळ घालतं का, पाखरं मी देतो. पोरांनी ऐकून घेतलं आणि क्रिकेट खेळायला गेली. तरी मामंजींनी भाई येतील त्या रविवारी आमच्या एकाच गच्चीची शर्यत ठरवली आणि सात पाखरं तयार केली. रोज सकाळी उडवायची, दाणा मोजून द्यायचा. मी त्यांना इतकं उत्साहात पुन्हा कधी बघितलं नाही.

शर्यतीच्या आठवडाभर आधी पत्र आलं. भाईंच्या बायकोने मोडक्या देवनागरीत लिहिलं होतं, की छातीत दुखायला लागलं आणि दोन दिवसांत गेले. ते मीच मामंजींना वाचून दाखवलं. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून ते मला मोठ्याने वाचावं लागलं, आणि शेजारच्या खोल्यांनीही ऐकलं. आता मामंजी पाखरं पाठवणार नाहीत, असं मला वाटलं. पण शनिवारी त्यांनी टोपली काढून पुसली. ओळखीच्या गार्डची तोवर बदली झाली होती. टोपली कोण नेणार, हे कुणी विचारायच्या आतच यजमान उठले.

"मी जातो, बाबा. मी इगतपुरीला सोडून येतो."

मामंजींनी टोपली त्यांच्या हातात दिली.

रविवारी सकाळी मामंजी आणि मी गच्चीवर बसलो. पहिलं पाखरू आलं, भाईंच्या अकरांतल्या निळ्या मादीचं नातवंड. मी वही उघडली. मामंजींनी हात करून मला थांबवलं.

"कोणाक दाखवूक?"

सहा आली. सातवं आलंच नाही. घाटात शिकरा पक्ष्याने धरलं असावं. यजमान संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन परतले आणि बापलेक बराच वेळ गच्चीवर बसले होते. काय बोलले ते मी विचारलं नाही.

त्यानंतर मामंजींनी ढाबळीतली अंडी काढून घ्यायला सुरुवात केली. मादीने अंडी घातली की दोनतीन दिवसांत उचलायचे. पाखरांना दाणापाणी, औषध, सगळं पूर्वीसारखंच. फक्त नवं पिल्लू होऊ द्यायचं नाही. आपल्यामागे यांचे हाल नकोत, म्हणाले. मला ते बघवत नसे. उबेला बसलेली मादी अंडी गेल्यावरही दिवसभर त्याच जागी बसून राहायची.

पाखरं म्हातारी होत एकेक कमी झाली. मामंजी गेले तेव्हा तीन उरली होती. त्यांना मी दोन वर्षं सांभाळलं. शेवटचं गेल्यावर यजमानांनी ढाबळीच्या फळ्या सोडवल्या, आणि मी गच्ची धुऊन काढली.