कोपऱ्यातली चटई

"कागदावर सगळंच लेव्हलमदी असतं, मला तुमी जमीन दाखवा," असं काळुराम एकदा एका ठेकेदाराला म्हणाला होता, आणि तेव्हापासून पेणमध्ये कुणाचं बांधकाम निघालं की त्याला बोलावणं येऊ लागलं. तो गवंडी नव्हता, इंजिनियर तर नव्हताच. खाडीकाठच्या मिठागरात तीस वर्षं त्याने वाफ्यांचा तळ पायांनी तुडवला होता. वाफा बोटभर कलला तरी पाणी एका अंगाला जातं आणि दुसरं अंग मिठाशिवाय राहतं. पुढे मिठागर बंद पडलं. पायांतलं ते ज्ञान मात्र गेलं नाही. ठेकेदाराने आधी बांधलेल्या वास्तूत तो चपला काढून चालायचा, कोपऱ्यांत थांबायचा आणि शेवटी एकच शब्द बोलायचा. हाय, किंवा नाय.

या वेळी काम विमलबाईंच्या गणपतीच्या कारखान्याचं होतं. जुन्या शेडमधला भराव खचला होता. गेल्या साली ओल्या मूर्ती फळ्यांवरच कलल्या आणि साठेक मूर्तींच्या माना तडकल्या. नव्या कारखान्याचं डिझाइन त्यांच्या लेकीने, मृणालीने केलं होतं. मध्ये एकही खांब नाही. मूर्ती चाकांच्या मांडण्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जाणार. जमीन कलली तर सगळंच फुकट. तीन ठेकेदारांनी दर दिले होते. त्यांतला एक काळुरामचा मुलगा, मिथुन.

"मला नका नेऊ," काळुराम म्हणाला. "पोराचं काम हाय."

"म्हणून तर मृणालीबरोबर जा," विमलबाई म्हणाल्या. "परक्यांना नाय म्हणताना कधी लाजलात नाय तुमी."

पहिला ठेकेदार रामवाडीतला. त्याने गुळगुळीत फोटोंची फाइल उघडली तोवर काळुराम त्याच्या नव्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये फिरूनही आला होता. "नाय."

"काका, पायात लेझर बसवलाय काय?" ठेकेदाराने विचारलं.

"नाय. नुसत्या भेगा हायत."

दुसरा नितेश. त्याने बांधलेलं खानावळीचं दालन कोलाडला, रस्त्याकडेला होतं. काळुराम तिथे बराच वेळ चालला. "हाय," म्हणाला. पण नितेशने मृणालीचा नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "मधी दोन खांब टाकू ना मॅडम. काय बिघडतं?"

गाडी रोह्याकडे वळल्यावर मृणाली बोलली. "नितेशला माझं काम कळलंच नाही, काका. मिथुनने नकाशा एकदाच पाहिला आणि विचारलं, मोठी मूर्ती वळवणार कुठे? मला त्यालाच द्यायचंय. तुम्ही फक्त हाय म्हणा."

हे काम मिळालं तर मिथुनच्या नावाची पाटी पहिल्यांदा लागणार होती. आजवर तो दुसऱ्यांच्या हाताखाली राबत आला होता. रोह्यातला शिकवणीचा हॉल हे त्याने एकट्याने केलेलं एकच काम.

मिथुन इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा होता. बापाने चपला काढल्या तसा तो बाजूला झाला.

लादी थंड होती. काळुराम भिंतीच्या कडेने गेला, मग मधोमध. चांगलं होतं. नितेशपेक्षाही चांगलं. मग पलीकडच्या कोपऱ्यात त्याला एक प्लास्टिकची चटई दिसली. रिकामी. तिच्यावर काही ठेवलेलं नव्हतं.

"तिकडं काय नाय, बाबा," मिथुन म्हणाला.

काळुराम चटईवर उभा राहिला. डावी टाच अगदी थोडी खाली गेली. इथला भराव धुमसाने ठोकून घट्ट केलेला नव्हता.

त्याच्या टाचेला हा कोपरा ओळखीचा होता. बारावीच्या सुट्टीत मिथुन मिठागरात कामाला आला होता. एक कोपरा न तुडवताच तो क्रिकेटला पळाला. संध्याकाळी काळुरामने तो कोपरा स्वतः तुडवला. दुसऱ्या दिवशी मुकादमाने पोराचं कौतुक केलं, पोरगा हसला, बापही हसला. कोपरा कुणी तुडवला ते दोघांनीही सांगितलं नाही. काळुरामला वाटलं होतं, तो कोपरा तेव्हाच पुरा झाला.

"थोडं असलं तर चालेल, काका," मृणाली हळूच म्हणाली. "आपण लक्ष ठेवू."

"बाबा," मिथुन म्हणाला. "बोला ना."

काळुरामने पोराकडे पाहिलं. मग तो खाली वाकला, चटई सावकाश गुंडाळली आणि मिथुनच्या हातात दिली. कोपरा उघडा पडला. चपला पायात न घालता त्याने हातात घेतल्या आणि हाय किंवा नाय न म्हणताच तो बाहेर पडला.