गोळ्यांची टोकं

कॅनडातल्या ग्वेल्फच्या एका कारखान्यात मी क्वालिटी बघते. आठवडाभर यंत्रांचे सुटे भाग मोजून डोळे दुखतात. शनिवारी काही मोजायला लागू नये, एवढंच मला हवं असतं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या सुपरवायझरचा फोन आला. रिटायर झालेले, एकटे, लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा नाद असलेले. मी नवीन असताना मायक्रोमीटर धरायला त्यांनीच शिकवलं होतं. शनिवारी मदतीला येशील का, म्हणाले. नाही म्हणवेना.

"आई, इट्स युवर डे ऑफ," लेक म्हणाली. मी गाडीची किल्ली उचलली.

त्यांच्या बेसमेंटमध्ये बंदुकीच्या गोळ्यांचे डबे मांडलेले होते. नुसत्या गोळ्या, दारू-काडतुसाशिवाय.

"टोकं बघ," ते म्हणाले.

भिंगाखाली एकही टोक दुसऱ्यासारखं नव्हतं. कुठे वाकडं, कुठे फाटकं. अशा गोळ्यांना हवा कमीजास्त अडवते, मग दूरच्या टार्गेटवर एक वर लागते, एक खाली. म्हणून टोकं हातातल्या कटरने कापून सारखी करायची.

"मला आता बारीक दिसत नाही," ते म्हणाले. "हातही थरथरतात."

तिसऱ्या शनिवारी मी लांबी मोजायचा कॅलिपर शून्यावर आणायला विसरले. अख्खा ट्रे जास्त कापला गेला. कारखान्यात असं कधी झालं नव्हतं. सांगताना मला रडूच आलं.

त्यांनी ट्रे बाजूला सरकवला. "सरावाला होतील. तू दमलीयस. बस, चहा करतो."

स्पर्धेला त्यांना मीच घेऊन गेले, कारण त्यांचं ड्रायव्हिंग बंद झालं होतं. रायफल स्टँडवर टेकवून ते पालथे पडून नेम धरत होते आणि वारा सारखा दिशा बदलत होता. शेवटी टार्गेटचा कागद हातात आला तेव्हा त्यांनी तो माझ्याकडे दिला.

"डावं-उजवं वाऱ्याचं, ते सोड. उंची बघ."

भोकं आडवी पसरलेली, पण जवळजवळ एका रेषेत होती. मी तसं सांगितलं.

"मग टोकं बरोबर होती," ते म्हणाले. नंबर शेवटून तिसरा आला होता. परतताना गाडीत बसल्या बसल्या झोपले.

पानगळ सुरू झाली तेव्हा त्यांनी क्लबमधल्या एका मित्राला आपली रायफल देऊन टाकली. मला फोन करून तेवढंच सांगितलं. त्या शनिवारी मोजायला काहीच नव्हतं. मी दुपारपर्यंत अंथरुणात होते, आणि उठले तरी अंग जडच होतं.