जमिनीवर आखलेला पलंग

गॅसवर दूध, हाताला कणीक आणि नवऱ्याचा एक मोजा हरवलेला, अशा भर सकाळी दार वाजलं. बेल असताना दार वाजवणारा आमच्या इमारतीत एकच माणूस आहे. बोटाच्या पेराने टकटक करायची, कान देऊन ऐकायचं आणि आत येता येता सांगायचं, "प्लाय आहे वहिनी. आतून पोकळ." कित्येक वर्षं ते हेच सांगताहेत. दार अजून जागेवर आहे.

आज मात्र टकटक एकदाच झाली. दार उघडलं तर घनफूटराव उभे. हातात मोजपट्टी आणि दाराबद्दल चकार शब्द नाही.

"या भाऊजी. ताई कशा आहेत?"

"बरी आहे. उद्या सोडतायत."

एवढं बोलून ते खुर्चीत बसले. बसण्याआधी खुर्ची उलटी करून पाहिली नाही. तेव्हाच मी ओळखलं, आज काहीतरी मागायला आलेत. काय, तेही मला ठाऊक होतं. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे ताईंच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. जमिनीवर बसायचं नाही, झोपायचं तर मुळीच नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि घनफूटरावांच्या घरात झोपायला जमिनीशिवाय काही नाही. आमच्या गच्चीवर सासूबाईंच्या वेळचा लोखंडी पलंग पडून आहे, त्यावर मी गाद्या वाळत घालते. तो न्या म्हणायला मला एक क्षण लागला नसता. पण मी गप्प राहिले. ताईंनी तशी तंबीच दिली होती. मी आधण ठेवलं. ह्यांना शब्द सापडेपर्यंत चहा नक्की होईल, अशी माझी खात्री होती.

घनफूटराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. लाकूड घनफुटात मोजतात आणि हे गृहस्थ लाकडाखेरीज बोलत नाहीत, म्हणून इमारतीने ते नाव ठेवलं. नोकरीत होते तेव्हा मोठे कडक. वजनमापे खात्यात निरीक्षक. बाजारात ते शिरले की दुकानदारांच्या बोलण्यात एकदम साखर पेरली जायची. कुणी पारड्याखाली मेण चिकटवलंय, कुणी काट्याला लोहचुंबक लावलाय, ते यांच्या हाताला बरोबर लागायचं. ताईंनी आणलेली भाजी घरी पुन्हा तोलली जायची. एकदा मी वाटीभर साखर उसनी नेली आणि परत केली, तर म्हणाले, "वहिनी, तुमची वाटी आमच्या वाटीपेक्षा लहान आहे." मी घरी येऊन पाहिलं. होती.

तर असा हा माणूस निवृत्त झाला, आणि महिन्याभरात एक टायवाला त्यांच्या घरी येऊन बसला. सागाच्या झाडांची कंपनी होती. झाडं तुम्ही विकत घ्यायची, वाढवणार कंपनी, वीस वर्षांनी तोडणार कंपनी, आणि लाकडाचे पैसे मात्र तुमचे. फर्निचर हवं असेल तर लाकूडच घ्या, तेही तुमचं. "साहेब, आपल्यासारख्या जाणकार माणसाला मी काय सांगणार," असं म्हणत टायवाल्याने त्यांना आधी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मग सागाची झाडं विकली. आयुष्यभर दुसऱ्याच्या पारड्याखाली हात घालणाऱ्या माणसाने टायवाल्याच्या टायखाली काय आहे ते पाहिलं नाही. निवृत्तीचे बहुतेक पैसे मुळाशी गेले. पैशांच्या बदल्यात एक गुळगुळीत प्रमाणपत्र मिळालं, वर प्रत्येक झाडाचा क्रमांक.

"वीस वर्षं?" माझा नवरा म्हणाला. "त्यांच्या वयात वीस मिळव. तोवर लाकूड लागेल, पण ते वेगळ्या कामाला."

"हळू बोला," मी म्हटलं. "भिंती पातळ आहेत."

"आतून पोकळ आहेत," नवरा म्हणाला.

पैसे गुंतवून माणूस स्वस्थ बसला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. जगात पुष्कळ लोक पुष्कळ झाडांना पैसे बांधतात. पण घनफूटरावांनी त्यापुढची पायरी गाठली. सागाचं सामान येणार म्हणून त्यांनी घरातलं होतं ते सामान काढून टाकलं. भंगारवाला आला आणि ताईंचा पलंग, जेवणाचं टेबल, कपाट, सगळं हातगाडीवर चढलं. ताई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"अहो, वीस वर्षं मी बसू कुठे?"

"अगं, जागा मोकळी हवी. अंदाज यायला हवा. आणि आता आपल्या घरात परकं लाकूड कशाला?"

मग अंदाज घेणं सुरू झालं. मोजपट्टी आणि खडू घेऊन त्यांनी फरशीवर येणारं सगळं सामान आखलं. इथे पलंग, इथे टेबल, टेबलाभोवती सहा खुर्च्यांचे सहा चौकोन, भिंतीशी कपाट, आणि कपाटाचं दार उघडल्यावर कुठवर येईल ती कमानही. ताई रोज फरशी पुसायच्या आणि रोज पलंग पुसला जायचा. म्हणून घनफूटरावांनी पांढरा ऑइलपेंट आणून रेघा पक्क्या केल्या.

त्यानंतर त्या घरी जाणं म्हणजे परीक्षा होती. मी पहिल्यांदा गेले आणि दोन पावलं टाकली, तोच आवाज आला.

"वहिनी, टेबलावर पाय पडला तुमचा."

मी दचकून मागे सरले.

"आता खुर्चीत उभ्या आहात."

ताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बसा ना त्याच खुर्चीत. मी चहा आणते." आणि मी फरशीवर, त्या चौकोनात, मांडी घालून बसले. ताई चहा घेऊन कपाटाच्या कमानीला वळसा घालून आल्या. हसल्या नाहीत. सवय झाली होती बाईला. रात्री त्या पलंगाच्या चौकटीत गादी घालून झोपायच्या आणि सकाळी उठताना आधी भिंत धरायच्या, मग खिडकीचा गज, मग देवाचं नाव. तेव्हापासूनच त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते.

मी तेव्हाच एकदा म्हटलं होतं, "भाऊजी, आमचा लोखंडी पलंग न्या की तोवर."

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या पारड्याखाली मेण चिकटवताना सापडले होते. "लोखंड? साग येणाऱ्या घरात? तुम्हीच दोन झाडं घ्या वहिनी, मुलीच्या नावावर."

"माझ्याकडे कुंडीतला पुदिना जगत नाही भाऊजी."

"म्हणून तर म्हणतो. सांभाळायला कंपनी आहे."

कंपनी वर्षातून एकदा मालकांना गाडीत घालून बागेत न्यायची. पहिल्या वर्षी घनफूटराव आणि ताई दोघेच जाऊन आले. प्रत्येक झाडावर पत्र्याची पाटी होती, पाटीवर क्रमांक. त्यांनी आपल्या पहिल्या झाडाला मिठी मारून फोटो काढून घेतला. तो फोटो भिंतीवर लागला, मुलांच्या फोटोंच्या वर. ताईंनी उशीच्या फाटक्या अभ्र्याची निळी चिंधी त्या झाडाच्या खालच्या फांदीला बांधली. "माहेरी गुरांना अशीच बांधायचो," मला म्हणाल्या, "म्हणजे आपलं आपल्याला कळतं."

दुसऱ्या वर्षी ते आम्हालाही घेऊन गेले. झाडं विकत घ्यायला आमचं मन वळेल, हा हेतू. फुकटची सहल म्हणून नवरा तयार झाला. त्याच टायवाल्याने गाडीत पाण्याच्या बाटल्या वाटल्या आणि सागाचे गुण गायले. बागेत सरळ ओळीत झाडं उभी होती, ताटाएवढाली पानं, वाळकी पानं पायाखाली कुरकुरत होती. खरं सांगते, छान वाटलं. क्षणभर मलाही मोह झाला.

घनफूटराव पाट्या वाचत पुढे धावले आणि आपला क्रमांक सापडताच छातीइतक्या उंचीवर मोजपट्टी गुंडाळली.

"वीतभर! वर्षात वीतभर वाढला घेर! वहिनी, पाहा!"

"अहो," ताई मागून म्हणाल्या, "चिंधी तिकडे आहे."

चिंधी खरंच तिकडे होती, दोन ओळी पलीकडे, एका काटकुळ्या झाडावर. त्यावर पाटी दुसऱ्याच कुणाची.

"वाऱ्याने गेली असेल," घनफूटराव म्हणाले.

"गाठ मारलेली चिंधी वाऱ्याने गेली? आणि तिकडे जाऊन स्वतःच गाठ मारून घेतली?"

"मग झाड हलवलं असेल. चांगल्या वाढीला जागा बदलतात. शास्त्र आहे त्याला."

नवऱ्याने तोंड फिरवून पानांचं निरीक्षण सुरू केलं. त्याचे खांदे हलत होते.

आम्ही हात धुवायला नळाकडे गेलो, तेवढ्यात दुसरी गाडी आली. राखणदार पाट्यांची पिशवी घेऊन लगबगीने निघाला आणि खुंटीवरचा डगला काढावा तशी त्याने घनफूटरावांच्या झाडावरची पाटी काढली. खाली खोडात आधीच ठोकलेला हूक होता. त्यावर दुसरी पाटी अडकवली. गाडीतून एक जाडजूड गृहस्थ उतरले, पाट्या वाचत धावले, त्या झाडाला त्यांनी मिठी मारली आणि बायकोला हाक दिली, "अगं, वाढलंय बघ कसं!"

आम्ही चौघं नळाशी उभे. पाणी वाहत होतं. घनफूटरावांनी आयुष्यात कितीतरी दुकानदार असे रंगेहाथ पकडले असतील. त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होतं ते, दहा हातांवर. मला वाटलं, आता बाजारातला तो जुना आवाज निघणार. त्यांनी नळ घट्ट बंद केला, मोजपट्टी खिशात घातली आणि गाडीत जाऊन बसले. परतीच्या वाटेवर ताई खिडकीबाहेर बघत होत्या.

आता तरी एखादी खुर्ची येईल, असं आम्हाला वाटलं. आला तो ऑइलपेंटचा नवा डबा. रेघा पुसट झाल्यात म्हणून त्यांनी पलंग पुन्हा रंगवला, पहिल्यापेक्षा जाड. पकडला गेलेला दुकानदारही दुसऱ्या दिवशी तोच काटा पुसून ठेवतो म्हणतात, पण तो निदान दुसऱ्याला फसवायला. भिंतीवरचा फोटोही तसाच राहिला. फरक एवढाच, आम्हाला झाडं घ्या म्हणायचं त्यांनी बंद केलं.

आणि मग ताईंचे गुडघे गेलेच. ऑपरेशन ठरलं तेव्हा घनफूटरावांनी डॉक्टरांना विचारलं म्हणे, "गाद्या एकावर एक रचल्या तर? पलंगाइतकी उंची होते." डॉक्टरांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. तरी यांनी घरी रचून पाहिल्या, स्वतः चढून आडवे झाले आणि घसरून टेबलात पडले. आखलेल्या टेबलात. खालच्या मजल्यावरची बाई वर बघायला आली.

परवा मी दवाखान्यात गेले होते. ताईंनी माझा हात धरला. "तुमचा पलंग आहे ना गच्चीवर, तो मला हवाय. पण तुम्ही देऊ नका हं."

"म्हणजे?"

"तुम्ही दिलात तर ते म्हणतील, वहिनींचा आग्रह मोडवेना म्हणून ठेवलाय, साग येईपर्यंत. आणि मग उरलेलं आयुष्य मी त्या रेघांमधून वाट काढत चालणार, या नव्या गुडघ्यांनी. त्यांनी मागू दे. एकदा त्यांच्या तोंडून येऊ दे."

"आणि नाही मागितला तर?"

"तर मी इथून घरी जाणार नाही. बहिणीकडे जाईन. तिच्याकडे प्लायचा आहे." हे बोलताना त्या हसल्या, पण हात सोडला नाही.

तर म्हणून मी चहा गाळला, कप पुढे ठेवला आणि समोर बसले. घनफूटराव मोजपट्टी बाहेर ओढत होते, सोडत होते. ती सर्रकन आत जायची.

नवरा एका पायात मोजा घालून बाहेर आला. "अरे भाऊ! काय, पलंगाचं काय ठरलं? आमचा—"

मी फक्त त्याच्याकडे पाहिलं. तो दुसरा मोजा शोधायला परत आत गेला.

पुन्हा सर्रकन आवाज. मग घनफूटरावांनी मोजपट्टी टेबलावर ठेवली, माझ्या पोकळ प्लायच्या टेबलावर, आणि त्याकडे बघतच म्हणाले, "आमच्या दाराची रुंदी मोजली. पाय काढले तर आत येतो."

"काय येतो भाऊजी?"

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. कप खाली ठेवला.

"ती झाडं आपली नाहीत, वहिनी. तुमचा लोखंडी पलंग मला द्या. तिला झोपायला हवाय."