बल्लाळपंतांच्या कपाळावरचा राघू

मुरूडच्या कचेरीत यज्ञेश्वर अण्णांनी उभी नोकरी शिक्के मारण्यात काढली. कागदावर काय लिहिलंय ते वाचायची त्यांना कधी गरज पडली नाही. ते काम वरच्यांचं. अण्णांनी शिक्का शाईच्या गादीवर टेकवायचा, कागदावर उठवायचा आणि कागद पुढे सरकवायचा. आपला शिक्का कधी तिरका पडला नाही की फिसकटला नाही, एवढ्यावर ते समाधानी होते. सन तीसच्या सुमारास पेन्शन घेऊन ते बोर्लीला आपल्या नारळी-पोफळीच्या वाडीत परतले. सामान आलं, अण्णा आले, पण उजवा हात काही कचेरीतून सुटला नाही. जेवताना आमटीची वाटी उचलायचे आणि ताटात ठणकन टेकवायचे. अनुसूयाबाईंनी अंगणात घातलेल्या पापडांवर त्यांनी एकदा पेल्याच्या बुडाने ओळीने गोल उठवले, तेव्हा मात्र बाईंनी हात टेकले.

“अहो, शिक्के मारायचेच असतील तर काही शोभेचं तरी मारा,” त्या म्हणाल्या.

अण्णांनी ते मनावर घेतलं. पुतण्या महादेव गिरगावात राहायचा. त्याचे कॅनव्हासचे बूट फाटले होते, त्यांचे रबरी तळवे अण्णांनी मागून घेतले, आणि सोबत पाण्यात कालवायच्या रंगांच्या वड्याही आणवल्या. बोरू तासायच्या चाकूने ते रबर कोरू लागले. फणसाच्या लाकडाच्या मुठीवर ते सरसाने चिकटवलं, डबीच्या झाकणात फलालीनचा तुकडा घालून रंगाची गादी केली. पहिला राघू उठला तो थेट कोंबडीसारखा. अनुसूयाबाईंनी तो दिव्याजवळ नेऊन पाहिला आणि लग्नकार्यात हे चालायचं नाही असं सांगितलं. मग चोच बाकदार झाली, शेपूट लांबली. रंग रबरावर ठरत नव्हता, थेंबथेंब होऊन ओघळत होता; बाईंनी त्यात चमचाभर गुळाचं पाणी घालायला सांगितलं. त्यासरशी राघू असा टवटवीत उठला की अण्णा स्वतःच त्याच्याकडे बघत बसले.

संक्रांतीला तिळगुळाच्या पुड्यांवर राघू आले, गोकुळाष्टमीला दारच्या कागदी तोरणावर आंबे आले. पुढल्या वैशाखात धाकटा भाऊ सदा याच्या मुलीचं, प्रमोदिनीचं, लग्न ठरलं, तेव्हा अण्णांनी कुणी न सांगताच वऱ्हाडासाठी पंखे करायला घेतले. पोफळीच्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाची रुंद सालं, कापून त्यांवर पांढरा कागद डकवला. पंख्याच्या मधोमध हिरवा राघू, भोवती निळे आंबे. निळे का, असं सदाने विचारलं. पिवळी वडी संपली होती, पण अण्णांनी कच्चे आंबे असेच असतात म्हणून वेळ मारून नेली.

वऱ्हाड नागावचं. मुलाचे वडील बल्लाळपंत आडव्या हाडाचे, टक्कल तुळतुळीत, आणि मानपानाच्या बाबतीत मोठे कडक. मुहूर्त गोरज होता. सकाळी मंडळी दिघीला होडीतून उतरून बैलगाड्यांनी आली आणि दुपारी मांडवात पंगत बसली. तिथे गोंधळ झाला. तूप वाढणारा पोरगा घाईघाईत बल्लाळपंतांचं पान ओलांडून थेट त्यांच्या चुलत भावाच्या पानाशी गेला. कोरडा भात मुकाट्याने संपवून पंत उठले, आणि सदा त्यांच्या हातावर पाणी घालायला स्वतः धावला, कारण असा माणूस जेवताना भांडला असता तर परवडलं असतं.

जेवणानंतर वऱ्हाडातले पुरुष ओटीवर आडवे झाले. वारा पडलेला, माश्या घोंघावत होत्या. काही वेळ सगळ्यांनी पंखे हलवले, मग एकेकाने ते तोंडावर पालथे घातले आणि घोरायला सुरुवात केली. गुळाच्या पाण्यातला रंग आणि वैशाखातला घाम यांचं पुढे काय होणार, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. अण्णा पाणवठ्याशी तांब्या-पेले विसळत होते.

उन्हं कलली तसा मांडवातून पंतांचा आवाज आला. ते मधोमध उभे राहून सांगत होते, की ज्या घरी वरबापाच्या भातावर तूप पडत नाही, त्या घरची मुलगी त्यांना नको. गाड्या जुंपा, वऱ्हाड परत निघणार. सदा हात जोडून उभा होता. आत बायका रडायच्या बेतात होत्या. तेवढ्यात वाडीतला गडी कोंडाजी धावत अण्णांकडे आला.

“आण्णा, पंतांच्या कपाळाव राघू उठलाय,” तो हळूच म्हणाला, “आन् त्यास्नी ठाव न्हाय.”

अण्णांनी खांबाआडून पाहिलं. हिरवागार राघू टकलापासून भुवईपर्यंत पसरलेला. पंत रागाने कपाळाला आठ्या घालत तसा तो पंख फडकवी. समोरची माणसं खाली मान घालून ओठ चावत होती, आणि पंतांना वाटत होतं की आपल्या बोलण्याने सगळे शरमले आहेत, म्हणून ते आणखी जोरात बोलत होते. मागल्या दाराने दिवेआगरला निघून जावं असं अण्णांना क्षणभर वाटलं. पण प्रमोदिनीचा चेहरा डोळ्यांपुढे आला, तसे ते ओला पंचा घेऊन पुढे झाले.

“पंत, आपल्या कपाळावर राघू आहे,” ते म्हणाले. “माझा आहे.”

पंतांनी कपाळाला बोट लावलं. बोट हिरवं झालं. कोणीतरी आतून आरसा आणला. पंतांनी त्यात बराच वेळ पाहिलं, मग आरसा खाली घेऊन आपल्या वऱ्हाडाकडे पाहिलं. चुलत भावाच्या गालावर निळे आंबे होते, मामांच्या नाकावर अर्धी शेपूट होती, नवऱ्या मुलाच्या काकांच्या दोन्ही डोळ्यांमध्ये एक चोच उगवली होती.

“काय हो,” पंत सावकाश म्हणाले, “म्हणजे आम्ही सगळे पोचलो असा शिक्का मारलात की काय?”

अण्णा विनोद करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी जन्मभराच्या सवयीने खरं ते सांगितलं. “आमच्या कचेरीत शिक्का उठलेला कागद परत जात नसे.”

पंतांचं पोट आधी हललं. मग खांदे. मग ते मांडवातल्या बाजेवर मटकन बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले, तसा सगळा मांडव मोकळा झाला. सदाच्या बायकोने तेवढ्यात तुपाचं भांडंच आणून त्यांच्यापुढे ठेवलं. पंचा घासूनघासून झिजला, पण टकलावर फिकट शेपूट राहिलीच. अक्षता पडताना भटजींचे मंत्र मध्येच अडखळत होते, आणि प्रमोदिनीने अंतरपाटाआडून सासऱ्यांकडे बघायचं नाही असं ठरवूनही दोनदा पाहिलं.

अण्णांनी मात्र ही गोष्ट जिवाला लावून घेतली. पावसाळाभर खटपट करून त्यांनी पंख्यावर उठलेल्या शिक्क्यांवर राळेचा पातळ हात द्यायची रीत बसवली, म्हणजे कितीही घाम लागला तरी रंग हलू नये. दिवाळीनंतर श्रीवर्धनहून एका लग्नघरचे लोक पंखे सांगायला आले. अण्णांनी मोठ्या अभिमानाने नवा पंखा पाण्यात बुडवून दाखवला. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या वडीलधाऱ्यांनी मग अडखळत विचारलं, की तो नागावकरांना दिला होता तसा, तोंडावर उठणारा, मिळेल का. त्यांचे व्याहीही जरा कडकच आहेत. त्या दिवशी जेवताना अण्णांनी आमटीची वाटी नेहमीपेक्षा जोरात ठणकन टेकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी अनुसूयाबाईंकडे गुळाचा खडा मागितला.